बर्फाच्या सीमारेषेची नोंद कोणी ठेवायची?

सप्टेंबर २०११मध्ये ‘द टाइम्स कॉम्प्रिहेन्सिव्ह अॅटलस ऑफ द वर्ल्ड’ या नावाजलेल्या नकाशासंग्रहाची तेरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या ग्रीनलंडच्या नकाशात किनाऱ्यालगतचा बराच मोठा पट्टा बर्फाविना, मोकळी जमीन म्हणून दाखवलेला होता. सोबतच्या प्रसिद्धिपत्रकात दावा होता की १९९९पासूनच्या बारा वर्षांत ग्रीनलंडचे कायमस्वरूपी बर्फाचे १५ टक्के क्षेत्र, म्हणजे सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, नाहीसे झाले आहे. बातमी जगभर पसरली. केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली, कारण ताज्या उपग्रहचित्रांत जिथे हिमनद्या उघड दिसत होत्या तिथेच या नकाशात मोकळी जमीन होती. त्या काळातली खरी घट एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. चूक कुठे झाली असावी याचा माग काढताना तज्ज्ञांच्या लक्षात आले की बर्फाची जाडी दाखवणाऱ्या एका जुन्या नकाशातली ५०० मीटर जाडीची रेषा बहुधा बर्फाची कड समजून उचलली गेली होती. म्हणजे ज्या बर्फाची जाडी ५०० मीटरपेक्षा कमी, तो जणू अस्तित्वातच नाही. प्रकाशकांनी सुरुवातीला आपला आकडा लावून धरला, नंतर मागे घेतला आणि दुरुस्त नकाशा काढला.

ग्रीनलंडचा बर्फ खरोखरच झपाट्याने घटत होता, आजही घटतो आहे, आणि म्हणूनच ही चूक अधिक महागात पडली. जे खरे होते ते सांगणाऱ्यांवरच खुलासे देण्याची वेळ आली आणि ज्यांना हे सगळे मानायचेच नव्हते त्यांच्या हाती आयते हत्यार पडले. पण या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ग्रीनलंडच्या उपग्रहचित्रांचा २०११मध्ये मुळीच तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो एका साध्या माहितीचा: ही रेषा कशाची आहे, कोणत्या तारखेची आहे, कोणी आणि कोणत्या नियमाने काढली आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना रेषा तेवढी पुढे गेली आणि तिचा अर्थ मागे राहिला.

ध्रुवीय प्रदेशांतील हिमनद्यांच्या सीमारेषा ही एक सार्वजनिक नोंद आहे आणि तिची व्यवस्था त्याच इतमामाने झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ही नोंद सर्वांना खुली हवी, तिच्यातल्या प्रत्येक रेषेला तारीख आणि कर्ता हवा, आणि मुख्य म्हणजे ती खंड न पडता चालू राहील याची तजवीज सरकारांनी आपल्या नेहमीच्या खर्चातून करायला हवी. आज ती बहुतांशी संशोधन प्रकल्पांच्या, म्हणजे तीन-चार वर्षांच्या अनुदानांच्या आणि एखाद्या उपग्रहाच्या आयुष्याच्या भरवशावर चालते. वातावरणाच्या नोंदी किंवा बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदी आपण अशा भरवशावर सोडत नाही.

ही रेषा कशी काढली जाते हे पाहिले की तिला इतके का जपायचे ते समजते. स्वच्छ बर्फ दृश्य प्रकाशात लख्ख पांढरा दिसतो, पण त्याहून लांब लहरींच्या अवरक्त प्रकाशात, सुमारे १.६ मायक्रोमीटरच्या आसपास, तो जवळजवळ काळा पडतो. खडक तसा पडत नाही. पाण्याच्या थेंबांचे ढगही पडत नाहीत. त्यामुळे हिरव्या आणि या अवरक्त पट्ट्यातल्या तेजाची तुलना केली की बर्फ खडकापासून वेगळा काढता येतो आणि डोळ्याला सारखेच पांढरे दिसणारे ढगही बऱ्याच अंशी बाजूला करता येतात. संगणक हे काम क्षणात करतो. अडचण त्यानंतर सुरू होते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. हिमनदीच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये अर्धा बर्फ आणि अर्धा खडक असतो, शिवाय त्या बर्फावर वरून घसरलेली दगडमाती पसरलेली असते, आणि शेजारच्या कड्याची सावलीही त्याच्यावर पडलेली असते, कारण ध्रुवाजवळ सूर्य भर उन्हाळ्यातही क्षितिजापासून फार वर येत नाही. गेल्या हिवाळ्यातला हिम अजून वितळला नसेल तर तोही याच रंगात मिसळतो आणि हिमनदी आहे त्यापेक्षा मोठी दिसू लागते. म्हणून चित्र उन्हाळ्याच्या अगदी शेवटी घेतलेले हवे, नवा हिम पडण्याआधीचे. उत्तर ध्रुवीय बेटांवर हा काळ काही आठवड्यांचाच असतो आणि नेमके तेव्हाच आकाश बहुधा ढगाळ असते. एखाद्या बेटाचे वापरण्याजोगे चित्र मिळायला तीन-तीन, चार-चार उन्हाळे थांबावे लागते, आणि मग एकाच नकाशात शेजारशेजारच्या दोन हिमनद्या वेगवेगळ्या वर्षांच्या असतात.

अशा पिक्सेलपाशी शेवटी माणूस निर्णय घेतो. तोच तज्ज्ञ काही दिवसांनी तीच कड पुन्हा काढायला बसला तर रेषा थोडी वेगळी येते. दोन तज्ज्ञांच्या रेषांतला फरक त्याहून मोठा असतो. दगडमातीने झाकलेल्या बर्फावर तो आणखी वाढतो, लहान हिमनदीच्या बाबतीत तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात फारच. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. मोजमापाचा तो अंगभूत भाग आहे. मात्र तो रेषेसोबत लिहून ठेवला नाही तर पुढच्या पिढीतला अभ्यासक दोन रेषांमधल्या अंतराला बर्फाची माघार समजेल, आणि त्यातला काही भाग प्रत्यक्षात दोन माणसांच्या हातांतला फरक असेल.

ध्रुवीय प्रदेशात आणखी एक प्रश्न येतो जो इतर पर्वतांत जवळपास येतच नाही: हिमनदी कुठे संपते आणि हिमचादर, म्हणजे खंडभर पसरलेला बर्फाचा अखंड थर, कुठे सुरू होते? ग्रीनलंडच्या मुख्य हिमचादरीच्या कडेने हजारो हिमनद्या आणि छोट्या हिमटोप्या आहेत. त्यांतल्या काही पूर्ण सुट्या आहेत, काही एखाद्या उंच खिंडीत हिमचादरीला नुसत्या टेकलेल्या आहेत आणि काही तिच्याशी इतक्या एकजीव आहेत की त्यांना वेगळे म्हणावे की नाही हा मतभेदाचाच विषय आहे. तज्ज्ञांनी यासाठी जोडणीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. हा निव्वळ वर्गीकरणाचा छंद नव्हे. समुद्रपातळीच्या हिशेबात हिमनद्यांचा वाटा आणि हिमचादरींचा वाटा वेगवेगळा मांडला जातो. एखादी हिमटोपी दोन्हीकडे धरली गेली तर तिचे पाणी समुद्रात दोनदा ओतले जाते आणि दोन्हीकडून निसटली तर एकदाही नाही.

जगातल्या सर्व हिमनद्यांची, दोन मोठ्या हिमचादरी वगळून, पहिली संपूर्ण सूची २०१२मध्ये तयार झाली. रँडॉल्फ हिमनदी सूची या नावाने ती ओळखली जाते. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या पाचव्या अहवालासाठी ती हवी होती आणि अनेक देशांतील हिमनदीतज्ज्ञांनी आपापल्याकडच्या रेषा एकत्र आणून ती घाईने उभी केली; संपूर्णता आधी, तपशील नंतर, असा तेव्हाचा नाइलाजाचा क्रम होता. अंटार्क्टिकाभोवतीच्या बेटांसारखे प्रदेश त्यानिमित्ताने पहिल्यांदाच जागतिक यादीत नीट आले. तिच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) २,१५,५४७ हिमनद्या होत्या आणि त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे ७,०५,७०० चौरस किलोमीटर होते. सातव्या आवृत्तीत (२०२३) हिमनद्यांची संख्या २,७४,५३१ झाली, क्षेत्र मात्र सुमारे ७,०६,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास तेवढेच. दोन्ही आवृत्त्यांचा रोख २००० सालाच्या आसपासची स्थिती नोंदवण्यावर आहे. सहा वर्षांत ५९ हजार हिमनद्या काही जन्माला आल्या नाहीत. लहान हिमनद्या अधिक बारकाईने टिपल्या गेल्या, काही प्रदेशांतल्या ढोबळ जुन्या आखणीच्या जागी नवी आखणी आली, कुठे एका मोठ्या बर्फाच्या विस्ताराचे अधिक तुकडे पाडले गेले. सूचीसोबतची माहिती वाचणाऱ्याला हे लगेच कळते. ती न वाचता आकडा उचलणाऱ्याला ‘हिमनद्या वाढल्या’ असा मथळा देता येईल, आणि त्यात एकही अंक खोटा नसेल.

सातव्या आवृत्तीचे मोल मला याच कारणासाठी मोठे वाटते. प्रत्येक रेषा कोणत्या तारखेच्या चित्रावरून, कोणत्या उपग्रहावरून आणि कोणाच्या कामातून आली याची नोंद तिच्यात नीट जोडलेली आहे. हे काम दिसत नाही. त्याला पारितोषिके मिळत नाहीत आणि शोधनिबंधांच्या मोजणीतही त्याचे फारसे काही धरले जात नाही. तरीही २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला, २००० ते २०२३ या काळात जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावल्याचा अंदाज उभा आहे तो अशाच रेषांच्या आधारावर. रेषा चुकीची असेल तर तिच्या आत केलेले मोजमापही तितकेच डळमळीत होते, मग बर्फाची उंची मोजणारा उपग्रहावरचा लेसर कितीही अचूक असो.

डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशावर अवलंबून राहिलो असतो तर ध्रुवांचा निम्मा इतिहास अंधारातच गेला असता. ध्रुवीय रात्र महिनोन्महिने चालते आणि लँडसॅटची कक्षा तर ८२.७ अंश अक्षांशापलीकडे पोचतही नाही. रडारने ही कोंडी फोडली, कारण रडारच्या लहरींना ना ढगांचा अडथळा होतो ना रात्रीचा. १९९७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅनडाचा रडारसॅट-१ हा उपग्रह कक्षेतच फिरवून त्याची नजर दक्षिणेकडे वळवण्यात आली आणि संपूर्ण अंटार्क्टिकाचे पहिले सलग, उच्च विभेदनाचे रडारचित्र तयार झाले. त्याच दशकात युरोपच्या ईआरएस-१ आणि ईआरएस-२ या उपग्रहांच्या रडारचित्रांची एकावर एक तुलना करून एक वेगळीच रेषा काढता येऊ लागली: जमिनीवर टेकलेला बर्फ जिथे आधार सोडून समुद्रावर तरंगू लागतो ती रेषा. तरंगता भाग भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, टेकलेला होत नाही. हा काही सेंटिमीटरचा फरक शेकडो किलोमीटर उंचीवरून टिपता येतो. पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीची ही आधाररेषा १९९२ ते २०११ या काळात ३१ किलोमीटर आत सरकल्याचे असेच कळले. त्या ठिकाणी उभे राहून कोणालाही काही जाणवले नसते, कारण वरचा पृष्ठभाग जसाच्या तसा पांढरा होता.

सतत पाहत राहण्याचे महत्त्व पटवायला मी नेहमी रशियाच्या सेवेर्नाया झेम्ल्या या ध्रुवीय द्वीपसमूहातल्या वाविलोव्ह हिमटोपीचे उदाहरण देतो. सुमारे १,८०० चौरस किलोमीटरची ही हिमटोपी म्हणजे थंड, कोरड्या प्रदेशातला तळाशी गोठलेला, अगदी सुस्त बर्फ. असा बर्फ फारसा हलत नाही, ही सर्वांची समजूत होती आणि कित्येक दशके ती खरीही होती. मग तिची पश्चिमेकडची कड किनाऱ्यालगतच्या मऊ गाळावर पोचली आणि २०१३च्या सुमारास तिने एकाएकी वेग घेतला. एरवी दिवसाला काही सेंटिमीटर सरकणारा बर्फ एका टप्प्यावर दिवसाला २५ मीटरपर्यंत धावू लागला आणि समुद्रात रुंद पंख्यासारखा पसरला. तिथे कोणी राहत नाही आणि मोजणी करणारे कायमचे पथकही नाही. या हिमटोपीवर विशेष लक्ष ठेवावे असे आधी कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते. तरीही ही सारी घटना वर्षावर्षाने उलगडून सांगता आली, कारण कोणत्याही खास हेतूविना सगळ्याच प्रदेशाची चित्रे घेऊन ठेवलेली होती. आधी हेतू ठरवून चित्रे घेण्याची पद्धत असती तर आपल्या हाती फक्त घटनेनंतरचा पंखा आला असता.

ग्रीनलंडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथल्या हिमनद्यांची समुद्राकडची टोके १९८५ ते २०२२ या काळात कुठे कुठे होती याच्या २,३६,३२८ नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की केवळ टोकांच्या माघारीमुळे सुमारे ५,००० चौरस किलोमीटर बर्फ गेला आहे आणि त्याचे वजन एक हजार अब्ज टनांहून अधिक आहे. प्रचलित हिशेबांत हा बर्फ नीट धरलाच गेला नव्हता, त्यामुळे अलीकडच्या काळातली ग्रीनलंडची घट जवळपास २० टक्क्यांपर्यंत कमी मोजली गेली होती. हा बर्फ बहुतांशी फ्योर्डच्या, म्हणजे किनाऱ्यातल्या खोल, अरुंद खाड्यांच्या, पाण्यातलाच असल्यामुळे त्याच्या जाण्याने समुद्रपातळीत थेट फारशी भर पडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्याचे गोडे पाणी समुद्रात मिसळले, त्याचा परिणाम सागरी प्रवाहांवर होऊ शकतो, आणि टोक मागे गेले की मागच्या बर्फाला असलेला अडसर निघतो. एवढे मोठे वजन इतकी वर्षे हिशेबाबाहेर राहिले आणि ते सापडले ते कुठल्याही नव्या यंत्राने नव्हे. जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या चित्रांवरच्या कडा चिकाटीने काढल्यामुळे आणि काढलेल्या कडा एकमेकांना खुल्या दिल्यामुळे.

खुलेपणाचा मुद्दा तत्त्वाचा आहे, पण त्याला अनुभवाचाही भक्कम आधार आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने लँडसॅटच्या चित्रांची विक्री खासगी कंपनीकडे सोपवली. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या प्रदेशाला गिऱ्हाईक नाही त्या प्रदेशाची चित्रे कमी घेतली जाऊ लागली. पेंग्विन चित्रे विकत घेत नाहीत, तेव्हा अशा व्यवस्थेत ध्रुवांचे काय होणार हे वेगळे सांगायला नको. घेतली न गेलेली चित्रे आता कोणत्याही किमतीला मिळणार नाहीत. पुढे हे काम सरकारकडे परत आले, किंमत सुमारे ६०० डॉलरवर उतरली आणि २००८मध्ये संपूर्ण संग्रह मोफत झाला. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी रोज सरासरी ५३ चित्रे खपत होती. मोफत झाल्यावर काही वर्षांत रोज ५,७०० चित्रे उतरवून घेतली जाऊ लागली. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची माहिती पहिल्यापासूनच खुली राहिली. अमेरिका आणि जपानच्या संयुक्त अॅस्टर या उपकरणाची चित्रे २०१६मध्ये मोफत झाली आणि त्यांच्या बळावर २०२१पर्यंत जगातल्या जवळपास प्रत्येक हिमनदीच्या उंचीतला बदल मोजून झाला. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी घेतलेली उपग्रहचित्रेसुद्धा १९९५मध्ये खुली झाली आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याची १९६३ची स्थिती अभ्यासकांच्या हाती आली.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या प्रदेशांबाबत एक विचित्र पोकळी आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८६मध्ये दूरसंवेदनासंबंधी काही तत्त्वे मंजूर केली. त्यांनुसार ज्या राष्ट्राच्या भूमीचे उपग्रहांनी निरीक्षण केले असेल त्या राष्ट्राला ती माहिती भेदभावाविना आणि वाजवी खर्चात मिळण्याचा अधिकार आहे. ग्रीनलंड किंवा नॉर्वेच्या स्वालबार्ड या ध्रुवीय द्वीपसमूहाच्या बाबतीत हा अधिकार कोणाचा ते सांगता येते. अंटार्क्टिकाच्या बाबतीत असे राष्ट्रच नाही. तिथल्या भूमीवरचे सारे दावे १९५९च्या अंटार्क्टिक कराराने गोठवून ठेवलेले आहेत. मात्र त्याच कराराचे तिसरे कलम सांगते की अंटार्क्टिकातील वैज्ञानिक निरीक्षणे आणि निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते मुक्तपणे उपलब्ध करून दिले जावेत. करार लिहिला गेला तेव्हा निरीक्षक बर्फावर उभा असायचा; आज तो ७०० किलोमीटर उंचीवर आहे, एवढाच फरक. जागा बदलली म्हणून बंधन सुटते असे मला वाटत नाही. ज्या राष्ट्रांनी या करारावर सही केली आहे त्यांनी आपल्या उपग्रहांची अंटार्क्टिकावरची माहिती, आणि तिच्यावरून काढलेल्या सीमारेषाही, याच कलमाखाली येतात असे जाहीर करावे. यासाठी नवा करार लागणार नाही.

खासगी कंपन्यांच्या उपग्रहांमुळे हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीखाली समुद्राचे पाणी भरतीबरोबर कित्येक किलोमीटर आत शिरते, हे २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले ते आइसआय या फिनलंडच्या कंपनीच्या रडार उपग्रहांमुळे, कारण सरकारी उपग्रह त्याच जागेवरून इतक्या लवकर लवकर फिरकत नाहीत. ही हिमनदी संपूर्ण वितळली तर जगाची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल. ध्रुवीय प्रदेशांची अतिशय बारीक उंची-प्रतिमाने (जागोजागची उंची नोंदवणारे संगणकी नकाशे), उत्तरेकडची आर्क्टिकडीईएम आणि दक्षिणेकडची रेमा, हीसुद्धा व्यापारी उपग्रहांच्या चित्रांतूनच घडली. तिथे निघालेली वाट मला समाधानकारक वाटते: प्रतिमाने सर्वांना खुली, मूळ चित्रे परवान्याच्या अटींखाली. कंपनीने गुंतवणूक केली आहे, तिने मोबदला घ्यावा यात गैर काही नाही. पण सार्वजनिक पैशाने विकत घेतलेल्या चित्रांवरून काढलेली रेषा सार्वजनिकच राहिली पाहिजे, आणि ही अट खरेदीच्या करारातच असली पाहिजे.

खुलेपणाबाबत निदान दिशा तरी बरोबर आहे. सातत्याबाबत तसे म्हणता येत नाही. लेसरने बर्फाची उंची मोजणारा आइससॅट २००९मध्ये थांबला आणि त्याचा वारस सप्टेंबर २०१८मध्ये कक्षेत गेला. मधली नऊ वर्षे विमानांनी जमेल तेवढी भरून काढली. गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून बर्फाचे वजन मोजणारी ग्रेस या उपग्रहांची जोडी २०१७मध्ये संपली, वारस २०१८मध्ये आला आणि त्या महिन्यांची फट आलेखांत कायमची राहिली. डिसेंबर २०२१मध्ये युरोपचा सेंटिनेल-१बी हा रडार उपग्रह बंद पडला आणि त्याची जागा घेणारा उपग्रह डिसेंबर २०२४मध्ये सुटला. दोन उपग्रह असताना दर सहा दिवसांनी मिळणारी चित्रांची जोडी त्या काळात बारा दिवसांवर गेली. वेगाने वाहणाऱ्या हिमनदीचा पृष्ठभाग बारा दिवसांत इतका बदलतो की दोन चित्रे एकमेकांशी जुळेनाशी होतात, म्हणजे ज्या हिमनद्यांकडे सर्वांत जास्त लक्ष हवे त्यांचीच मोजणी आधी बिघडते. क्रायोसॅट-२ हा रडारने बर्फाची उंची मोजणारा, २०१०मध्ये सुटलेला उपग्रह नियोजित आयुष्याच्या कितीतरी पुढे काम करतो आहे आणि त्याच्या वारसाची वाट पाहणे चालू आहे. हवामान खात्यांच्या उपग्रहांबाबत अशी हेळसांड सहसा होत नाही. तिथे एक उपग्रह कार्यरत असतानाच पुढचा तयार ठेवतात, कारण वादळाची सूचना चुकली तर दुसऱ्याच दिवशी जाब विचारला जातो. हिमनदीची नोंद चुकल्याचा जाब तीस वर्षांनी विचारला जाईल आणि तेव्हा विचारायला समोर कोणी नसेल.

या मागणीवर काही आक्षेप येतात, आणि त्यांतला एक मी पूर्ण गंभीरपणे घेतो. प्रत्यक्ष बर्फावर काम करणारे अभ्यासक म्हणतात की उपग्रह फक्त वरचे पाहतो; बर्फाखालचा खडक, त्यावरचे पाणी, समुद्राचे तापमान यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. हे खरे आहे. अंटार्क्टिकातल्या डेन्मन हिमनदीखाली समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन किलोमीटर खाली जाणारी घळ आहे हे विमानातून सोडलेल्या रडारलहरींच्या मदतीने कळले, नुसत्या उपग्रहाने कळले नसते. म्हणून उपग्रहांचा पैसा मोहिमांच्या पैशातून कापावा असे मी कधीही म्हणणार नाही. उलट, कुठे जायचे हे ठरवायलाच आधी चांगला नकाशा लागतो.

दुसरा आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्या कडा आपोआप काढेल, मग या नोंदींचा एवढा खटाटोप कशाला? यंत्रशिक्षणाने या क्षेत्रात खरोखर मोठी मजल मारली आहे. ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांच्या हजारो कडा आता संगणकच काढतो आणि वर उल्लेखलेल्या अभ्यासातही अशा नोंदींचा मोठा वाटा आहे. पण संगणक शिकतो तो माणसांनी काढलेल्या रेषांवरून. त्या रेषा कोणत्या नियमाने काढल्या हे लिहिलेले नसेल तर त्यांतला घोळ संगणक हजारपट वेगाने पुढे नेईल, आणि सगळीकडे सारखाच घोळ असल्यामुळे तो लक्षातही येणार नाही. साधन जितके वेगवान, तितकी मूळ नोंद काटेकोर हवी.

भारताला या चर्चेत प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. आपण अंटार्क्टिक करारातले मताधिकार असलेले राष्ट्र आहोत, ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रे तिथे चालू आहेत आणि स्वालबार्डमध्ये २००८पासून ‘हिमाद्री’ आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, दोन वेगवेगळ्या लांबीच्या रडारलहरींनी पाहतो आणि अंटार्क्टिकाचा अंतर्भाग नीट दिसावा म्हणून त्याची नजर मुद्दाम डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला ठेवलेली आहे. त्याची माहिती खुली ठेवण्याचे धोरण जाहीर झालेले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. पण उपग्रहाचे नियोजित आयुष्य काही वर्षांचेच असते, आणि निसारनंतर काय, हा प्रश्न निसार ठणठणीत असतानाच विचारायचा असतो. त्याच्या चित्रांवरून भारतीय संस्थांनी काढलेल्या प्रत्येक आधाररेषेला आणि प्रत्येक हिमनदीच्या कडेला तारीख, पद्धत आणि अनिश्चिततेचा अंदाज जोडून ती जागतिक सूचीत ठरलेल्या मुदतीत जमा करण्याची अट अनुदानातच घालावी. त्यासाठी लागणारी कायमची पदे मंजूर करावीत, कारण नोंद ठेवणारा माणूस दर तीन वर्षांनी बदलला तर नोंदीची रीतही बदलते. आणि पुढच्या रडार उपग्रहाची तरतूद निसार बंद पडण्याची वाट न पाहता आत्ताच, अंतराळ विभागाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात करावी.